पिक्चरपायी गेलेली मिशी

मच्छिंद्र उढाणाला वाडीत चेहऱ्यानं कुणी ओळखत नसे, मिशीनं ओळखत. त्यात अपमान काही नव्हता. जालन्याच्या एमआयडीसीत सळ्या तयार करणाऱ्या मिलमध्ये त्याचा उभा जन्म गेला. तापून लाल झालेली सळई चिमट्यात धरायची आणि पुढच्या रोलरात घालायची, हे काम. तोंडाला ओला टॉवेल, डोक्याला टॉवेल, मधे फक्त डोळे. पाळी सुटली की तो टॉवेल सोडायचा आणि आतून ती मिशी बाहेर यायची, दोन्ही टोकं वर वळून गालाला टेकलेली. गेटवरचा वॉचमन बाकीच्यांचं कार्ड बघायचा. मच्छिंद्रला नुसतं "या" म्हणायचा.

मिशी मच्छिंद्रच्या तोंडावर असली तरी तिची मालकी आबांकडे होती. आबा म्हणजे त्याचे वडील, भागवतराव. वय ऐंशीच्या पुढं. नक्की किती ते त्यांनाही ठाऊक नाही आणि कुणी विचारलेलं खपतही नाही. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायची, हा त्यांचा उद्योग. बाप आहे तोवर लेकानं मिशी उतरवायची नाही आणि बाप गेला की डोक्याच्या केसांसकट उतरवायची, हा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळं आबा लेकाच्या मिशीकडं बोट करून लोकांना सांगत, "ही जोवर तिथं हाय, तोवर मी हितं हाय." म्हाताऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी पगारासाठी तहसीलमध्ये हयातीचा दाखला मागितला, तेव्हा त्यांनी मच्छिंद्रलाच टेबलापुढं उभं केलं होतं. कारकुनानं हा पुरावा मानला नाही, त्याचा राग आबांना अजून आहे.

आबांनी लेकाचं कौतुक केलं असेल तर ते एवढंच. एरवी बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवला का?" "हाव." "मोटर चालू केली का?" "लाईट न्हाई." एवढ्यावर दोघांनी पन्नास वर्षं काढली आणि दोघांपैकी कुणालाही कधी कमी पडलं असं वाटलं नाही. निदान तसं कुणी बोललं नाही.

अशात दिवाळीनंतर मिलचा गिअरबॉक्स तुटला आणि काम बंद पडलं. त्याच सुमारास शेजारच्या बंद पडलेल्या कारखान्यात मुंबईची एक पिक्चर कंपनी उतरली. त्यांना जेल पाहिजे होता. खऱ्या जेलमध्ये परवानगी मिळत नाही आणि मिळाली तरी कैदी मधे मधे येतात. कारखाना तसाही जेलसारखाच दिसत होता. त्यांनी नुसते गज बसवले. पुढच्या दोन कोठड्यांना खरे गज आणि मागच्यांना प्लास्टिकचे पाईप काळे रंगवून. मच्छिंद्रनं त्यातला एक हातानं वाकवून पाहिला आणि कुणी बघायच्या आत परत सरळ केला.

पिक्चर मारामारीचा होता. नाव रोज बदलायचं. गोष्ट अशी की, एक भला माणूस खोट्या केसात आत जातो, आत त्याला भावाचा खुनी सापडतो, जेलर विकला गेलेला असतो, आणि शेवटी सगळा जेल फुटतो. जेलमध्ये बाई कुठून आणायची, म्हणून हिरोईनला डॉक्टर केलं होतं. हिरो उंचीला बेताचा होता; व्हिलनशी नजर भिडवायची वेळ आली की त्याच्या पायाखाली फळी सरकवत. व्हिलन मोठा सज्जन. दहा माणसं मारून झाली की बाजूला जाऊन आईला फोन करायचा आणि जेवली का म्हणून विचारायचा. जेलरचं काम करणाऱ्याला मिशी चिकटवलेली होती. दिव्यांच्या उजेडात घाम आला की तिचं एक टोक सुटायचं, आणि मग जेलर मच्छिंद्रकडं अशा नजरेनं बघायचा की मच्छिंद्रलाच संकोच वाटायचा.

कंपनीला कैदी हवे होते आणि मिलवाले रिकामे होते. मच्छिंद्र गेला, त्याच्याबरोबर अतिक गेला. अतिक त्याच्याच पाळीवर चिमटा धरायचा, बारक्या अंगाचा, कामाला चपळ. हिरोची बुक्की लागायच्या आधीच तो हवेत उडून पोत्यांवर पडायचा, इतका की डायरेक्टरनं त्याला वेगवेगळे कपडे घालून तीन वेळा मारून घेतला. मच्छिंद्रला पडता येत नसे. बुक्की आली की तो सवयीनं बाजूला व्हायचा आणि हिरो तोल जाऊन पुढं जायचा. म्हणून त्याला मागच्या रांगेत उभं केलं.

पण मागच्या रांगेतसुद्धा मिशी दिसायची ती दिसलीच. एक दिवस डायरेक्टरचा मदतनीस, प्रेम नावाचा शिकलेला मुलगा, त्याच्याजवळ आला. म्हणाला, "काका, तुम्हाला डायलॉग आहे. सगळ्या पिक्चरचा जीव त्या सीनमध्ये आहे."

सीन असा. एका कैद्याला बातमी येते की गावाकडं त्याचा बाप गेला. तो जेलरच्या पाया पडतो, म्हणतो, साहेब, अग्नी द्यायला सोडा. जेलर हसतो, सोडत नाही. मग तो कैदी जेलच्या अंगणातच बसून डोकं करून घेतो, मिशी उतरवतो आणि रडतो. ते बघून हिरोचं डोकं फिरतं आणि तिथून मारामारी जी सुरू होते ती शेवटपर्यंत. "ही मिशी कॅमेऱ्यासमोर पडली ना काका," प्रेम म्हणाला, "लोक खुर्चीतून उठतील."

मच्छिंद्र म्हणाला, "आमचे वडील हाईत."

"पिक्चरमधल्या माणसाचे गेलेत. तुमचे कुठं?"

यात न पटण्यासारखं काही नव्हतं. मच्छिंद्रनं दोन दिवस घेतले. घरी बायकोला, वंदनाला, काही बोलला नाही. आबांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. आयुष्यभर टॉवेलात गुंडाळलेलं तोंड एकदा मोठ्या पडद्यावर यावं आणि ते आबांनी बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती चुकीची होती असं म्हणवत नाही. फक्त त्या तोंडावरची जी वस्तू आबांना आवडायची, नेमकी तीच त्यात जाणार होती. हे त्याच्या ध्यानात आलं नाही असंही नाही. केस काय, परत येतात, असं त्यानं मनाला समजावलं.

सीनसाठी न्हावी खरा आणला होता. अंबडच्या स्टँडजवळ दुकान असलेला भुजंग. दिवे लागले, हिरो फळीवर उभा राहिला, कैदी गोल बसले. भुजंगनं मच्छिंद्रच्या गळ्याभोवती फडकं बांधलं, केस ओले केले, वस्तरा उघडला आणि हात थांबवला. कोणत्याही न्हाव्यानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "वडील?"

डायरेक्टर ओरडला. प्रेम धावत आला. म्हणाला, अहो, विचारायचं नाही, नुसतं काढायचं. भुजंग म्हणाला, "ते तुमचं बराबर हाय साहेब. पण जित्या बापाच्या पोराची मिशी म्या आजपस्तोर उतरवली न्हाई. पिक्चर तुमचा हाय, हात माझा हाय." आणि परत मच्छिंद्रकडं वळला. "खरं सांगा पाव्हणं. वडील हाईत का गेले?"

शंभर माणसं खोळंबली होती. हिरो फळीवर ताटकळला होता. सगळे मच्छिंद्रच्या तोंडाकडं बघत होते आणि त्या तोंडाला इतक्या नजरांची सवय नव्हती.

"गेले," मच्छिंद्र म्हणाला.

"कधी?"

"परवा."

भुजंगनं वस्तरा खाली घेतला, डावा हात मच्छिंद्रच्या डोक्यावर ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. मग इतक्या हलक्या हातानं त्यानं डोकं केलं की मच्छिंद्रला पातं जाणवलंसुद्धा नाही. मिशीवर आल्यावर भुजंगचे डोळे भरले. कॅमेरा चालू होता. डायरेक्टरला न्हाव्याचा अभिनय फार आवडला.

आता मच्छिंद्रनं रडायचं होतं. तो रडला नाही. डोळ्यांत औषध घातलं, डोळे लाल झाले, पाणीही आलं. पण चेहरा काही केल्या बाप गेलेल्या माणसाचा होईना. खळ्यावर चोरी करताना सापडलेल्या माणसाचा व्हायचा. प्रेमनं समजावलं, डायरेक्टरनं समजावलं, व्हिलननं बाजूला घेऊन मायेनं समजावलं. म्हणाला, घरचं आठवा. मच्छिंद्रनं घरचं आठवलं. ओट्यावर बसलेले आबा आठवले, तंबाखू मळत होते. रडायचं राहिलंच, मान खाली गेली ती वर येईना.

शेवटी डायरेक्टरनं कपाळाला हात लावला आणि विचारलं, दुसरं कुणी आहे का? अतिक उठला. त्याचंही डोकं भुजंगनं केलं, दाढीमिशी काढली. भुजंगनं त्यालाही विचारलं. अतिक म्हणाला, "चार साल हो गये, चाचा." अतिक खाली बसला आणि पहिल्याच झटक्याला रडला. डायरेक्टर "कट" म्हणाला तरी रडतच राहिला. मग मच्छिंद्र त्याच्याजवळ जाऊन बसला. अतिक म्हणाला, "मैं तो तब रात पाळीपे था, मच्छूभाई. मिट्टीकोबी नै पहुंच्या." मिलमध्ये इतकी वर्षं शेजारी उभं राहून मच्छिंद्रला हे माहीत नव्हतं.

अशा रीतीनं पिक्चरमध्ये मिशी मच्छिंद्रची गेली आणि बाप अतिकचा.

सुटी झाली तेव्हा दुपार टळली होती. मच्छिंद्रनं हेल्मेट घातलं, ते कशासाठी हे सांगायला नको. उजेडात वाडीत शिरायचं धाडस त्याला होईना. अंबड ओलांडल्यावर तो एका चिंचेखाली थांबला. फोन बंदच ठेवला, कारण वंदनाचा आला तर बोलायचं काय? दिवस मावळला की गपचूप घरात शिरायचं, डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, सर्दी झाली म्हणायचं, असा त्याचा बेत होता. मिशीला सर्दीचं कारण कसं पुरणार, तिथपर्यंत बेत पोचला नव्हता. चिंचेखाली बसून तो आपल्या उघड्या ओठावरून परत परत बोट फिरवत होता. "गेले" हा शब्द तोंडातून गेला होता आणि थुंकून टाकता येत नव्हता.

इकडं भुजंग त्याच्या आधीच अंबडला पोचला होता. न्हाव्याचं दुकान म्हणजे गावाचा रेडिओ. भुजंगनं गिऱ्हाइकांना सांगितलं, की वाडीच्या उढाणाचे वडील परवा वारले आणि बिचारा पोटासाठी पिक्चरमध्ये येऊन बसला होता. खुर्चीत नेमका शहागडचा माणूस होता. शहागडला मच्छिंद्रची थोरली बहीण, उषाबाई, दिलेली. तिच्या कानावर बातमी गेली ती अशी, की बाप परवा गेला, भावानं परस्पर माती दिली आणि लेकीला तोंडसुद्धा दाखवलं नाही. तिनं भावाला फोन लावला, बंद. वंदनाला लावला, ती कापूस वेचायला गेलेली, फोन घरी. आबा फोनला हात लावत नाहीत. उषाबाईनं शेजारणींना गोळा केलं, पिठलं-भाकरीची टोपली डोक्यावर घेतली, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, आणि जीप करून निघाली. बाकीच्या गावांनाही नातेवाईक असतातच.

यातलं काहीच मच्छिंद्रला माहीत नव्हतं. दिवेलागणीला तो वाडीच्या वळणावर आला तर त्याच्या दारात जीप उभ्या. ओट्याखाली टोप्या घातलेले लोक बसलेले. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज.

मच्छिंद्रच्या हातातून गाडी सुटली. त्याला एकच कळलं. तोंडानं "गेले" म्हटलं आणि ते गेले. सकाळी वस्तरा फिरला, संध्याकाळी दारात माणसं. तो पळत आला, हेल्मेट ओढून फेकलं, आणि ते चकचकीत डोकं दिव्याच्या उजेडात दिसताच बायकांनी जो गळा काढला त्यात त्याची उरलीसुरली शंका गेली. तो पायरीवर पडला. त्यानं हंबरडा फोडला. दिवसभर औषध घालून जे आलं नव्हतं ते आता आवरेना.

"आबा, म्या मारलं तुम्हाला! ह्या तोंडानं मारलं! वस्तऱ्यासाठी मारलं वो आबा!"

बसलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "अरे मच्छिंद्र—" पण त्याला ऐकू जाण्यासारखं राहिलं नव्हतं. तो पायरीला डोकं लावून लहान पोरासारखा रडत होता. मला परत एकदा बोलू द्या, म्हणत होता. मोटर चालू केली आबा, लाईट आली होती, असंही काहीतरी म्हणत होता.

"कोण बोंबलून राह्यलं?" आतून आवाज आला. "मच्छिंद्र आला का? त्याला म्हणावं आधी चहा घे. सगळ्यांचा झाला."

काठी टेकत आबा ओट्यावर आले. दुपारपासून हे असंच चाललं होतं. पहिल्यांदा उषाबाई रडत आली, बापाला भाकरी खाताना पाहिलं आणि आनंदानं दुप्पट रडली. मग ज्या ज्या गावची जीप येई त्या गावच्या बायका दारापासूनच सूर लावत. त्यांना समजावून, डोळे पुसून, चहा देईपर्यंत दुसरी जीप. आबांनी सगळ्यांचं रडणं बसून ऐकलं होतं. कोण किती खरं रडतंय यावर त्यांचं मत तयार होतं.

मच्छिंद्रनं मान वर केली. आबा दिसले आणि तो थांबायच्या ऐवजी आणखी जोरात रडायला लागला.

आबा पायरीवर त्याच्या शेजारी बसले. काठी बाजूला ठेवली. आपण गेल्यावर लेकाचं डोकं कसं दिसतं, तोंड कसं दिसतं, हे कोणत्याच बापाला बघायला मिळत नाही. आबांनी ते नीट बघून घेतलं. मग त्या डोक्यावरून हात फिरवला, पुढून मागं, मागून पुढं.

"जावळ काढलं तवाबी असंच बोंबललं होतं हे," ते जमलेल्या लोकांना म्हणाले. पण हात त्यांनी काढला नाही.

उषाबाई मात्र भावाला सोडणार नव्हती. जिता बाप परवा मेला म्हणून सांगणाऱ्याला काय म्हणायचं, असं तिनं सगळ्यांदेखत विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग दुःखाचं म्हणून आणलेलं पिठलं-भाकरी सगळ्यांनी खाल्लं. पहिलं ताट आबांना वाढलं. पिठल्यात मीठ कमी आहे, असं ते म्हणाले.

सकाळी माणसं गेल्यावर आबांनी विचारलं, "कामून काढली?" मच्छिंद्रनं सगळं सांगितलं. भुजंगचा प्रश्न, आपलं उत्तर, परवा म्हटल्याचंसुद्धा.

"आन तिथं रडायला कामून आलं न्हाई?"

"तुम्ही हितं होता ना."

आबांनी तंबाखूचा बार भरला. मग म्हणाले, "हे धरायचं न्हाई. मी गेलो का पुन्हा काढायची. न्हाव्याला काढायला काही तरी पाह्यजे का न्हाई? मिशी पुरी होऊ दे, पहिल्यावानी. तवर मी कुठं जात न्हाई."

पिक्चर उन्हाळ्यात लागला. वाडी टेम्पो करून जालन्याला गेली, आबा पुढच्या सीटवर. पडद्यावर भुजंगचे हात दिसले, मिशी पडताना दिसली, मग अतिकचा चेहरा आला आणि तो रडायला लागला. मागं बसलेला अतिक उठून बाहेर गेला.

"बराबर रडला पोरगा," आबा मच्छिंद्रच्या कानाशी म्हणाले. "पर तुझ्याइतका न्हाई."

पिक्चर बरा चालला असावा, कारण पावसाळा संपता संपता प्रेमचा फोन आला. भाग दोन काढतायत, जेलर नवा हवा, भरपूर डायलॉग, आणि चिकटवलेली मिशी नको असं डायरेक्टरचं म्हणणं आहे. "काका, तेवढी वाढली असेल ना आता?"

"न्हाई वाढत आता," मच्छिंद्र म्हणाला. "वय झालं."

मिल आता परत सुरू आहे. आठ-पंधरा दिवसांनी पाळी सुटली की तो अंबडला भुजंगच्या दुकानात थांबतो. भुजंग त्या दिवसानंतर महिनाभर त्याच्याशी बोलला नव्हता, आता बोलतो. फडकं बांधून विचारतो, "किती ठेवू?" मच्छिंद्र म्हणतो, "मागल्या खेपेइतकीच." भुजंग कात्रीनं टोकं खाली आणतो आणि ह्या कामाचं काही घेत नाही.

घरी आबा ओट्यावर असतात. त्याला समोर उभं करतात, दोन बोटं आडवी धरून मिशी मोजतात. परवा मोजताना मच्छिंद्रच्या कॉलरवर बारीक कापलेले केस पडलेले होते. आबांनी ते बघितले, बोटानं एक एक झटकून टाकले, आणि मग बोटं मिशीवर ठेवली.

"अजून न्हाई झाली पुरी," ते म्हणाले. "जेवला का?"

"हाव."